वहीत आहे, तक्त्यात नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल आला की मानवी तस्करीच्या तक्त्यावर एखादा दिवस चर्चा होते. २०२२ च्या तक्त्यात देशभरात २,२५० गुन्हे आहेत. पीडित ६,०३६, त्यांत २,८७८ मुलं. राज्यांमध्ये तेलंगण पहिलं, ३९१ गुन्हे. महाराष्ट्र दुसरा, २९५. मग 'तस्करीत महाराष्ट्र दुसरा' असा मथळा होतो, विरोधक सरकारला धारेवर धरतात, सरकार कारवाईचे आकडे देतं आणि विषय पुढच्या अहवालापर्यंत मिटतो.

हा तक्ता तस्करी मोजत नाही, पोलीस ठाण्यात लिहिलेले गुन्हे मोजतो. जिथे ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो तिथला आकडा वाढतो. जिथे फिर्यादीला दारातूनच 'आपसात मिटवा' म्हणून परत पाठवतात ते राज्य तक्त्यात निर्मळ दिसतं. म्हणजे क्रमांक दुसरा आला याची लाज वाटायचं कारण नाही आणि विसावा आला असता तर अभिमान वाटायचंही नाही. आपल्याकडे तस्करीच्या 'कलां'वर जे लिहिलं जातं, त्यातलं पुष्कळसं या एकाच तक्त्यावर उभं आहे. मजुरीसाठी अडकवून ठेवलेला माणूस त्यात क्वचितच सापडतो, आणि हा देशातला सगळ्यात मोठा गट आहे.

दसरा झाल्यावर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी, जामखेड या भागातला कुठलाही रस्ता बघा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पायाला दोरी बांधलेली कोंबडी, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. पोरं झोपलेली. गाड्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, बेळगावकडे निघालेल्या. पाच-सहा महिने ही माणसं उसाच्या फडात राहणार. संघटना म्हणतात दहा ते बारा लाख. नेमका आकडा कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. हे सगळं रात्रीच्या अंधारात होत नाही. टोलनाक्यावरून जातं, पोलीस चौकीसमोरून जातं.

यातला प्रत्येक जण वेठबिगार आहे असं मी म्हणत नाही. हंगाम आटोपून चार पैसे गाठीला बांधून परतणारी माणसंही आहेत, आणि टोळी जमवून नेणारा मुकादम आपल्याच भावकीतला, अडीनडीला धावून येणारा असतो असंही पुष्कळदा असतं. पण किती जण मोकळे आहेत आणि किती अडकलेले, हा प्रश्न सरकारने विचारायचा असतो. तो विचारला जात नाही, आणि हे लिहायचं कारण तेच आहे.

आधी एक प्रकरण, जे तक्त्यात येऊ शकलं. जून २०२३. धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहिरींच्या कामावरून ११ मजूर सोडवले. अहमदनगरच्या एजंटाने त्यांना काम देतो म्हणून आणलं आणि विहिरीच्या ठेकेदारांच्या हवाली केलं. दिवसाला बारा-बारा तास विहिरीत काम. जेवण एक वेळ. शौचालाही वर येऊ देत नसत. तिथेच बसायचं आणि ती घाण टोपलीतून वर ओढायची. रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधून ठेवत. त्यांच्यातला एक जण निसटला, हिंगोलीला आपल्या गावी पोचला आणि त्याने तिथल्या पोलिसांना सांगितलं, म्हणून बाकीचे सुटले. मानवी तस्करीचं कलम लागलं. पोलिसांनी काम चोख केलं, त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

तो एक जण निसटला नसता तर? विहीर गावातच होती. गावातून रोज माणसं जात-येत होती. आणि साखळी नसती तर? तेवढेच तास, तेवढंच एक वेळचं जेवण, पण साखळीऐवजी अंगावर पन्नास हजारांची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, असती, तर ठाण्यात काय उत्तर मिळालं असतं? 'पैसे घेतलेत ना, मग काम करा.' हे उत्तर महाराष्ट्रात कुठल्याही मजुराला विचारा, त्याला पाठ आहे.

उचलीचा हिशेब एकदा नीट मांडून बघू.

एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांनी मिळून दिवसाकाठी दोन टन ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या बैठकीत ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७३ रुपये १० पैसे होते ते ३६६ झाले. मुकादमाचं कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झालं. दोन टनांचे ७३२ रुपये. अंगावर एक लाखाची उचल असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, आणि तेही एकही दिवस न चुकता, खर्चीला एक रुपया न उचलता. खर्ची तर घ्यावीच लागते, नाहीतर खायचं काय? आठवड्याच्या बाजाराला मुकादम पैसे देतो आणि वहीत मांडतो. पोराला ताप आला, दवाखाना, वहीत. कारखान्याला गाडी लागली नाही, दिवस बसून गेला, त्याची मजुरी नाही. आणि बाई अंगावरून जातंय म्हणून फडात आली नाही तर खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं तर आहेच, वर पाचशे-हजाराचा दंड. तोही वहीत.

आता हे मजुरीच्या भाषेत बघा. पहाटे अंधारात फडात शिरायचं आणि रात्री-अपरात्री गाडी भरायची, असा दिवस चौदा तासांचा धरला तर माणशी तासाला २६ रुपये पडतात. त्याच २०२४-२५ सालात महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर होता दिवसाला २९७ रुपये. आठ तासांनी भागा, ३७ रुपये. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याला तासाला जे मिळतं, त्याच्या पाऊण हिश्शाहूनही कमी पैशात महाराष्ट्राचा साखर उद्योग ऊस तोडून घेतो. दर ३४ टक्के वाढवल्यानंतरची ही गोष्ट आहे. त्याच्या आधी काय होतं ते वाचकांनी काढावं.

हंगाम संपतो, पट्टा पडतो, आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'बाकी' निघते. बाकी फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. दुसऱ्याने जास्त दर देऊ केला तरी जाता येत नाही. गेला तर गाडी दारात येते. माणूस नाही सापडला तर त्याच्या भावाला, पोराला उचलून नेल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात.

आता कायदा बघू. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्यातली व्याख्या अगदी सोपी आहे. आगाऊ पैसे घेतले, आणि त्यामुळे माणसाला दुसरीकडे काम धरायची मोकळीक राहिली नाही, किंवा हिंडण्या-फिरण्याची मोकळीक राहिली नाही, किंवा किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागलं, किंवा आपले श्रम बाजारभावाने विकता आले नाहीत, तर ती वेठबिगार. साखळी असलीच पाहिजे, मारहाण झालीच पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कर्ज बंधनाचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. आणि एकदा वेठबिगार ठरली की ते कर्ज कायद्याने संपतं. फेडायची जबाबदारीच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे दोनदा अगदी स्वच्छ सांगितलं आहे. १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी लिहिलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे, कारण पोटाची भूकही माणसावर सक्ती करते. पुढच्याच वर्षी, फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, त्यांनी म्हटलं की मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जातंय असं दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं न्यायालय धरून चालेल, नसेल तर मालकाने दाखवून द्यावं. या निकालांना चाळीस वर्षं उलटली. एखाद्या तहसील कार्यालयात जाऊन ते कुणी वाचले आहेत का विचारा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ऊसतोड कामगार स्वखुशीने उचल घेतात, कुणी त्यांच्या डोक्यावर बंदूक ठेवत नाही. खरं आहे, उचल घ्यायला तेच मुकादमाच्या दारात जातात. पोळ्यानंतर घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न काढलेलं असतं, गेल्या वर्षीच्या बोअरला पाणी लागलेलं नसतं. बँक त्यांना दारात उभी करत नाही. मुकादम एकटाच रोख देतो. याला राजीखुशी म्हणायचं असेल तर कलम २३ राज्यघटनेत कशाला ठेवलं?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि तिच्यात तथ्य आहे. कोल्हापूर-सांगलीकडचे वाहतूकदार सांगतात की मुकादम आणि टोळ्या लाखो रुपये घेऊन येतच नाहीत, एकाच टोळीची उचल दोघा-तिघांकडून घेतली जाते, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात, घरं बुडतात. ही फसवणूक खरोखर होते आणि तिची झळ लहान वाहतूकदाराला बसते, जो स्वतःच कर्जात असतो. पण या प्रकरणांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. टोळी आली नाही की फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. टोळीला कोंडून ठेवलं, बाईला-पोराला ओलीस धरलं की तो 'पैशाचा व्यवहार' ठरतो. एकच उचल, एकच वही. मालकाची तक्रार असली की फौजदारी आणि मजुराची असली की दिवाणी. अशा ठाण्यातून निघालेल्या आकड्यांवर तस्करीचा कल काढणार असाल तर तो कल मालकाच्या बाजूनेच झुकलेला निघणार.

भारतीय न्याय संहितेनेही फार मदत केली नाही. जुन्या दंड संहितेतलं ३७० वं कलम आता १४३ वं झालं आहे. शोषण म्हणजे काय याच्या स्पष्टीकरणात शारीरिक शोषण आहे, लैंगिक शोषण आहे, गुलामगिरी आहे, अवयव काढणं आहे, आता भीकही आली. सक्तीची मजुरी नावानिशी नाही. ती वेगळ्या कलमात आहे, १४६ मध्ये, आणि तिथे शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. नवे फौजदारी कायदे करताना ही चूक दुरुस्त करायची संधी होती. ती सोडली.

स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. बीडचा माणूस बेळगावला गेला तर तो स्थलांतरित, कोल्हापूरला गेला तर कुणीच नाही. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही शब्द 'आंतरराज्य' असाच आहे. चारशे किलोमीटर दूर, ताडपत्रीच्या कोपीत सहा महिने राहणारा माणूस कायद्याच्या लेखी घरीच असतो. आणि जनगणना? शेवटची २०११ ची. पुढची २०२७ मध्ये. एवढ्या वर्षांत कोण कुठून कुठे गेलं, हे आपल्या देशाला माहीत नाही.

सरकारी आकड्यांची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने वेठबिगारांच्या पुनर्वसनाची सुधारित योजना आणली आणि २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना शोधून मुक्त करायचं उद्दिष्ट सांगितलं. १९७८ पासून तोपर्यंत मुक्त केलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात होती. उद्दिष्ट मोठं होतं, ठेवलं ते चांगलंच केलं. २०२३-२४ या वर्षात देशभरात पुनर्वसन झालेले वेठबिगार किती? ४६८.

वॉक फ्री या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये भारतात १ कोटी १० लाख लोक आधुनिक गुलामीत असल्याचा अंदाज दिला. असे अंदाज नमुना पाहणी आणि गणिती प्रारूप यांवर बेतलेले असतात. त्यांवर शंका घ्यावी, मीही घेतो. परदेशी संस्थेने आपल्याला शिकवू नये असं म्हणणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं की आपल्याच सरकारने ठेवलेलं १ कोटी ८४ लाखांचं उद्दिष्ट त्याहून मोठं आहे. आकडा मान्य आहे, मग माणसं कुठे आहेत? ती शोधायला कुणी निघालं का?

शोधण्याची यंत्रणा कागदावर संपूर्ण आहे. जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती, तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्ते. संवेदनशील जिल्ह्याला पाहणीसाठी साडेचार लाख रुपये. तातडीच्या मदतीसाठी जिल्ह्याकडे दहा लाखांचा कायमस्वरूपी निधी. सुटका झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणातून सोडवलेल्यांना तीन लाख. हे सगळं एका कागदावर अडकलेलं असतं: मुक्तता प्रमाणपत्र. प्रांताची सही त्यावर झाली की माणूस वेठबिगार होता हे सरकारने मान्य केलं असं होतं. ती सही कुणाला करायची नसते. आपल्या उपविभागात वेठबिगार सापडली तर कुणी पाठ थोपटत नाही, उलट विधानसभेत प्रश्न येतो आणि खुलासा द्यावा लागतो. मग अहवालात 'निरंक' लिहिलं जातं. निरंक लिहिणाऱ्याला शिक्षा झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि मोजता येत नाही हे तर साफ खोटं आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात या बातम्यांनी राज्य हादरलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एका जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांत एक. त्यातल्या पुष्कळ जणी तिशी-पस्तिशीच्या. खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावी लागते, अंगावरचं दुखणं चिघळतं, आणि खाजगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. ऑपरेशनचे पैसे कुठून आले? मुकादमाकडून. वहीत. मग ती बाई टाके वाळायच्या आत पुन्हा फडात, कारण ऑपरेशनची उचलही तिनेच फेडायची. गर्भपिशव्या मोजणाऱ्या यंत्रणेने त्याच दारात उभं राहून 'अंगावर किती आहे?' एवढं विचारलं असतं तर त्याच वर्षी वेठबिगारीचीही पाहणी झाली असती. फॉर्मवर एक रकाना वाढला असता.

उसाच्या बाहेरही हेच. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला तेव्हा कळलं की नाशिक-नगर भागात कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एका मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. मुलगी दहा वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षी मोखाड्यात एका आदिवासी बापाने मुलाच्या कफनासाठी पाचशे रुपये घेतले, त्यापोटी मालकाने त्याला राबवून घेतलं आणि शेवटी त्याने आत्महत्या केली. दोन्ही वेळी श्रमजीवी संघटनेसारख्या कार्यकर्त्यांच्या संघटना आधी पोचल्या, यंत्रणा मागाहून. याच संघटनेच्या विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी वसईत वेठबिगार सोडवायला सुरुवात केली त्याला चार दशकं होऊन गेली आहेत. मुंबईपासून तासा-दोन तासांच्या अंतरावरची ही गोष्ट. तरी आजही मेल्याशिवाय माणूस नोंदीत येत नाही.

ऊसतोडीची गोष्ट मात्र एका बाबतीत वेगळी आहे. तिथे नोंद नाही असं म्हणायची सोयच नाही. कारखाना वाहतूकदाराशी तोडणी-वाहतूक करार करतो. उचलीचा मोठा भाग कारखान्याच्या हमीवर बँकेतून येतो. कुठली गाडी, कुणाची टोळी, कुठल्या गटातला ऊस, वजन किती, हे काट्यावर स्लिपागणिक चढतं. शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागे कापला जातो, त्याचा हिशेब लेखापरीक्षणात असतो. हंगामात साखर आयुक्तालय किती कारखाने सुरू, किती गाळप, किती उतारा हे नियमित जाहीर करतं. २०२१-२२ मध्ये राज्याने तेरा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला, आणि तो टनाटनाला मोजला. तोडणारे हात मात्र तसे कुणी मोजले नाहीत.

विचारलं तर कारखाने म्हणतात, हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मग गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी भरायचे हे कसं ठरलं? तुमचे नसतील तर त्यांच्या कल्याणाची वर्गणी तुमच्याकडून का? आणि तुमचे असतील तर त्यांची हजेरी, त्यांचे तास, त्यांचा विमा, त्यांच्या अंगावरची बाकी कुणाच्या रजिस्टरात आहे? राज्यातल्या कारखान्यांचे अध्यक्ष कोण आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. सत्तेत आणि विरोधात, दोन्हीकडे तेच आहेत. दर तीन वर्षांनी तोडणीच्या दराची बैठक तेच घेतात, दोन्ही बाजूंना तेच बसतात. म्हणून मला यात अज्ञान दिसत नाही. उचलीची रक्कम रजिस्टरात आली की वेठबिगारीचा कायदा लावणं सोपं होईल आणि कर्ज बुडू शकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तस्करीवर, शोषणावर संशोधन करणाऱ्यांनी पोलीस ठाण्याच्या तक्त्यावरून नजर काढावी. मुकादमाच्या वहीपासून सुरुवात करावी. उचल दर वर्षी किती वाढली, हंगामाअखेर किती कोयत्यांवर बाकी राहिली, किती जणांना पुढच्या वर्षी मुकादम बदलता आला, किती कुटुंबं उसावरून सुटून तशीच वीटभट्टीवर गेली. एवढे चार प्रश्न दर वर्षी विचारले तर कल कळेल, आणि तो पोलिसांच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही. समाजकार्याची, अर्थशास्त्राची महाविद्यालयं बीडमध्ये आहेत, अंबाजोगाईत आहेत, कोल्हापुरात आहेत. त्यांच्या बाकांवर ऊसतोड कामगारांचीच मुलं बसलेली आहेत. त्यांना वहीची भाषा शिकवावी लागणार नाही.

वाचकांनीही एक काम करावं. आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्यावा. विचारावं, वेठबिगार निर्मूलनाच्या जिल्हा दक्षता समितीची गेल्या तीन वर्षांत बैठक कोणत्या तारखांना झाली आणि इतिवृत्ताची प्रत द्या. या काळात मुक्तता प्रमाणपत्रं किती दिली? पाहणीसाठी किती पैसे मागितले आणि दहा लाखांच्या निधीतून किती खर्च झाले? उत्तर 'निरंक' आलं तर तेही छापायला पाठवा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.